सुकटमावशीचा ताजा पापलेट

ये गं सुमन, हे पत्र माझ्याजवळ बसल्यासारखं वाच. आधी बोलणी खा. दर फोनला तुझं एकच, "मावशी, सवड झाली की येते." आमची सुकटमावशी तुला ठाऊक नाही, म्हणून तुझं चालतंय.

कर्जतच्या बाजारात सुका जवळा, बोंबील घेऊन बसायची. गिऱ्हाइकाला घरी जेवायला बोलावणारी बाजारातली बाई मी तेवढी एकच पाहिली. अलिबागच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी तिचं लहानसं बंदर. पहाटेची एसटी धरून पेण-खोपोली करत यायची. माल पिशवीत टाकता टाकता स्वतःच त्याला नावं ठेवायची. "हे काय खातेस गो? घरी ये. ताजा पापलेट खिलवते, मग हे तोंडात धरवायचं नाय तुला."

"मावशे, धंदा करतेस का मोडतेस?" आमच्या आळीतली शेवंता विचारायची.

"धंदा रोजचा हाय. तू कधी येतेस ते सांग."

एका वर्षी भाताची लावणी लवकर आटपली. आखाड सरत आलेला, श्रावण लागला की आमच्याकडे मासे बंद. शेवंता, मी आणि आळीतल्या आणखी दोघी निघालो सुट्टीला. घरचा तांदूळ घेतला बरोबर. कळवलं काहीच नाही, कधीही ये म्हणालीच होती की.

गावात हॉटेल नाही, फिरायला आलेलं कुणी नाही. होड्या सगळ्या वाळूवर, ताडपत्री पांघरून. बाप्ये दारात बसून जाळी शिवतायत. "आज यांचा रविवार हाय वाटतं," शेवंता म्हणाली.

मावशीनं आम्हाला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगो, नारळी पुनव झाली नाय अजून! दर्या बंद हाय. आता काय घालू तुमाला?"

पावसात ताजी मासळी आमच्यापर्यंत पोचत नाही ती लांब पडतं म्हणून, असं आम्ही समजायचो. समुद्राच्या दारात तरी असेलच! आमचे हात मोकळे झाले ते नेमके त्यांच्या होड्या बांधलेल्या दिवसांत.

मावशी घरोघर विचारून रिकाम्या हातानं आली. मग आमच्याच तांदळाचा भात आणि तीच सुकट, बाजारातून नेतो ती. आम्ही चाटूनपुसून खाल्लं. ती मात्र आमच्याबरोबर बसली नाही. एसटीपाशी म्हणाली, "हे जेवण मी धरत नाय. परत या."

नंतर दर बाजाराला विचारायची. आमचं आपलं, सवड झाली की येतो.

दसरा झाला, भात पिवळं पडलं. बाजाराच्या दिवशी ती टोपली घेऊन थेट माझ्या दारात! टोपलीत सुकट नाहीच, बर्फात पापलेटं. "तुमाला सवड नाय, मला हाय. सरक." पदर खोचला आणि माझ्याच स्वयंपाकघरात मला पाटावर बसवलं. "आज तू पावणी. उठायचं नाय."

आळीतल्या तिघींनाही बोलावून आम्हा चौघींना वाढलं. शेवंता बोटं चाटत म्हणाली, "खरंच गं मावशे, आता सुकट नाय धरवायची तोंडात."

"मेला माझा धंदा!" म्हणून ती जी हसली! मग कुठे स्वतःचं ताट वाढून घेतलं.

पुढल्या पावसाळ्यात तिचे गुडघे गेले. तिच्या जागी सून बसू लागली. मावशी गेल्याचंही सुनेनंच सांगितलं, बोंबील तोलता तोलता. सून बरी आहे, वर मूठभर टाकते. घरी ये मात्र म्हणत नाही.

ते काम आता मी घेतलंय. सुमन, माझे गुडघे अजून धड आहेत, पण टोपली घेऊन तुझ्या तिसऱ्या मजल्यावर चढायला लावू नकोस. या रविवारीच ये.