बाबांच्या ताटातला रोडगा

लेकीच्या शाळेची वर्षअखेरची सहल घरच्या सगळ्यांसह अमरावतीतल्याच बागेत होती. शाळेने बजावलं होतं, डबा आपापल्या घरापुरताच आणा. वऱ्हाडात असं कोण ऐकतं! जो तो पंगतीला पुरतील एवढे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे जाड रोडगे आणि वांग्याची भाजी घेऊन हजर.

आई गेल्यापासून माझे बाबा अर्ध्या पोळीवर उठतात. तिथेही त्यांनी ताटावर हात आडवा धरला. लेकीच्या वर्गातल्या एका चिमुरडीने तो हात सरळ बाजूला सारला, तुपात बुडवलेला रोडगा वाढला आणि समोर बसून राहिली. बाबांनी तो संपवला. वर आणखी अर्धा मागितला.

परतताना मी चिडूनच म्हणाले, "घरी मी रोज किती विचारते!"

"तू इचारतं, बाई," बाबा म्हणाले. "त्या पोरीनं वाढलं."