काठ्या राखणारा मुखरू

आमच्या गावच्या शंकरपटात बैल पळवणारे ढीगभर होते. काठ्या राखणारा एकच, मुखरू. पहिल्या निवडणुकीच्या साली कोणाची जोडी पुढे यावरून पटात डोकी फुटली, तेव्हा त्यानेच घरोघर हिंडून रिवाज पाडला. पट पाहायला येणाऱ्याने आपली काठी मारुतीच्या पारावर मुखरूजवळ ठेवायची, जाताना न्यायची. तो दिवसभर तिथेच बसे. बैलांची धाव त्याला कधी धड दिसली नाही, पण मारामाऱ्या थांबल्या.

पाहुण्यांच्या काठ्या तो स्वतः उतरवून घेई. गावच्यांना मात्र नुसतं विचारी. ते म्हणत, "घरी ठेवल्या, भाऊ." आपल्याच माणसांना तपासायची त्याला लाज वाटे.

तीन-चार वर्षांनी शेजारच्या गावचा लटारू जोडी घेऊन आला. चराईवरून दोन्ही गावांत धुसफूस चालू होती. तो पारापाशी घुटमळला.

"तुमच्या गावचा भरोसा नाई, मुखरूभाऊ. तुमच्या शब्दावर ठेवून राह्यलो."

"बिनघोर ठेव. तुह्या माणसाच्या केसालेही धक्का लागणार नाई."

दुपारी लटारूची जोडी जिंकली. एकच आरडाओरड झाली आणि आमच्या लोकांनी तणसाच्या ढिगातून काठ्या ओढून काढल्या. आदल्या दिवशीच दडवल्या होत्या. पाहुणे रिकाम्या हातांनी मार खात राहिले. मुखरू मधे पडला, ओरडला, कोणी ऐकलं नाही. हात मोडलेल्या लटारूला बैलबंडीत निजवलं, तेव्हा तो मुखरूला म्हणाला, "तुमाले सारं माहीत होतं."

मुखरूच्या जिव्हारी लागलं. तो तडक भैयाजीच्या घरी गेला. हा भैयाजी पटाचा पुढारी आणि मुखरूचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याचं नाव निघालं की अजून माझं टाळकं सरकतं. तो निवांत सुपारी कातरत बसला होता.

"मले काऊन नाई सांगितलं?" मुखरू म्हणाला. "आता लटारूच्या गावी चल. मले माहीत नव्हतं, येवढं तरी त्याले सांग."

"तुले सांगितलं असतं, तर तुह्या तोंडावरच दिसलं असतं," भैयाजी हसला. "अन् तू पारावर नसता, तर त्याईनं काठ्या ठेवल्या असत्या काय?"

लटारूच्या दारी जाऊन मारुतीची शपथ घ्यायची मुखरूची तयारी होती. पण आता काय सांगायला जायचं, हेच त्याला कळेना.