समोरचा पेपरवाला

रोह्याच्या एसटी स्टँडवर आमचा पेपरवाला पेपर विकायचा. ठळक बातम्या अंगाईसारख्या लांबवत म्हणायचा. कुंडलिका नदीवरचं धुकं त्या आवाजानेच विरघळतं, असं मला अर्धवट झोपेत वाटे. समोर दुसरा पेपरवाला बसे. गिऱ्हाइकांवरून दोघांचं रोज भांडण.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गावातली माणसं पकडली जाऊ लागली. पोलिसांचा खबऱ्या तो समोरचाच, अशी कुजबुज झाली. मग एका सकाळी त्याचं प्रेत नदीपलीकडच्या अष्टमी गावाच्या पुलाखाली सापडलं. डोक्यावर घाव होता. मारेकरी मिळाला नाही. संशय मात्र आमच्या पेपरवाल्यावर होता.

पुढे मयताची बायको नवऱ्याच्या जागी पेपर विकू लागली. पहिल्याच दिवशी तिने आमच्या पेपरवाल्याला सगळ्यांदेखत विचारलं, "माझ्या नवऱ्याला तूच मारलास ना?"

"नाय गो," तो म्हणाला. "पण खबऱ्या तो नव्हता. मी व्हतो."

त्यानंतर त्याच्याकडून कुणी पेपर घेतला नाही. तरी तो रोज यायचा, पेणच्या एसटीवरून तिचा गठ्ठा उतरवून तिच्या पुढ्यात ठेवायचा आणि लांब जाऊन बसायचा. ती बघायचीही नाही. मी तिच्याकडूनच पेपर घ्यायचो. तो माझ्याकडे बघून ओळखीचं हसायचा, तेव्हा मला मान खाली घालवत नसे आणि हसवतही नसे.