बंडीच्या खिशाचं माप

तमाम संबंधितांस या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, अकोल्यात राहणारे माझे थोरले साडू हे मुठीत मावणारा स्मार्टफोन वापरणारे वऱ्हाडातले अखेरचे गृहस्थ होत. चतुःसीमा: पूर्वेस अमरावती, उत्तरेस अकोट, आणि बाकी दोन दिशांना जिथपर्यंत त्यांचा आवाज पोहोचतो तिथपर्यंत. याबाबत कोणाची हरकत असल्यास त्यांनी ती पुराव्यानिशी थेट साडूंकडे नोंदवावी. साडू दिवाणी कोर्टात वकील आहेत. हरकत घेणारा पुढची दहा वर्षं कुठे असेल, याची हमी मी देऊ शकत नाही.

माझी बायको धाकटी, त्यांची थोरली, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणतो आणि ते मला साडभाऊ म्हणतात. त्यांचा फोन पाहिला की प्रथम तो फोन आहे हेच लक्षात येत नाही. काळ्या साबणाची अर्धी झिजलेली वडी असावी असं वाटतं. कडा गुळगुळीत झालेल्या, एका कोपऱ्याला तडा, पण भाऊजी तो उजव्या मुठीत धरतात आणि मूठ मिटून आपल्यापुढे नाचवतात. "दिसते काय कुठी? नाही ना? मूठ मिटली का वस्तू दिसेनाशी झाली पायजे, तं ते आपली. नाही तं मंग आपण तिचे." हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं आहे की झोपेतही मी ते हातवाऱ्यासकट म्हणू शकेन.

ऐकवायला कारण मीच. मागच्या दिवाळीत मी एक भला मोठा फोन घेतला. मी अमरावतीत शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे आकारमानाचा मला तसा धाक नाही. कॅमेरा चांगला आहे म्हणून घेतला, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण असं की जुन्या फोनवरची अक्षरं मला दिसेनाशी झाली होती, आणि चाळशी लावण्याइतका मी म्हातारा झालो नव्हतो. निदान तशी माझी एकट्याची समजूत होती. तो फोन घरी आणला आणि माझं आयुष्य बदललं. एका हातानं धरला तर अंगठा अर्ध्या वाटेवरच थांबतो, म्हणून मी तो दोन्ही हातांनी, नैवेद्याचं ताट धरावं तसा धरून चालतो. रस्त्यात भेटणाऱ्याला नमस्कार करायचा तर आधी तो काखेत घालावा लागतो. दुपारी उताणं पडून बातम्या वाचताना तो तीनदा नाकावर पडला. स्टाफरूममध्ये मी "दार लागलं" असं सांगितलं, आणि आमच्या घरी नेमकं नाकालाच लागणारं कोणतं दार आहे, यावर आठवडाभर चर्चा झाली. भाऊजींनी मात्र माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि निकाल दिला. "साडभाऊ, तुमाले फोन नाही, चष्मा पायजे होता. तुमी फोनले चष्म्याचं काम सांगून राहिले."

मी त्यांच्या बंडीवर घसरलो. वकिलीच्या काळ्या कोटाच्या आत, पांढऱ्या शर्टाच्याही आत, भाऊजी मांजरपाटाची बंडी घालतात. ती त्यांच्या ठरलेल्या शिंप्याकडूनच शिवलेली असते, आणि तिला आतून, बरोबर हृदयावर, एक खिसा असतो. त्या खिशासाठी भाऊजी शिंप्याला फोनच मापाला देतात. फोन घंटीवर कधी नसतो, कारण कोर्टात घंटी वाजलेली न्यायाधीशांना खपत नाही. तो नुसता थरथरतो. एकदा अकोटच्या कोर्टात तारीख होती, म्हणून भाऊजी एसटीनं निघाले होते. वाटेत फोन थरथरला. भाऊजींनी डोळे मिटले, छातीवर हात दाबला आणि दुसऱ्या हातानं गळ्याशी गुंड्या सोडायला लागले. शेजारचा ओरडला, कंडक्टरनं दोरी ओढली, गाडी कपाशीच्या शेताकडेला थांबली. भाऊजींना सीटवर आडवं केलं. एका बाईनं पिशवीतला कांदा फोडून नाकाशी धरला, एकानं चप्पल काढली, आणि भाऊजी चप्पल चुकवत, कोट, शर्ट, बंडी असे तीन थर ओलांडत आत हात घालतच राहिले. शेवटी हात बाहेर आला, त्यात ती साबणाची वडी होती, आणि भाऊजी आडव्यानंच म्हणाले, "हां, बोल मने."

मनू म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपासून ती जर्मनीत शिकते आहे. तिच्या फोनला भाऊजींनी वेगळी थरथर लावून घेतली आहे; दुसऱ्या कोणाचा फोन आला असता तर भाऊजींनी अकोटला पोहोचेपर्यंत छाती थरथरू दिली असती.

आमचं हे मोठ्या-लहान्याचं युद्ध चालू असतानाच वांग्याची भाजी आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, असा वांगे-रोडग्याचा कार्यक्रम आला. शेतात पंगत बसली होती, आणि मला पंगत पाहिली की वाढायची हौस येते. मी वरणाची बादली घेतली. फोन शर्टाच्या खिशात, म्हणजे तीन हिस्से बाहेर आणि एक हिस्सा खिशात. चार पानांपर्यंत सगळं सुरळीत गेलं. पाचव्या पानावर भाऊजी होते. मी आदरानं जरा जास्तच वाकलो, आणि फोन डोकं खाली करून सूर मारावा तसा सरळ वरणात गेला. भाऊजींनी दोन्ही हात आपल्या पत्रावळीवर आडवे धरले. "मले नोका वाढू, साडभाऊ. एवढा मोठा मले पचत नाही." मी फोन दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरला. तो वाचला, पण तेव्हापासून कोणाचाही फोन आला की मला आधी हिंगाचा वास येतो.

आता देव्हाऱ्याचं सांगतो, कारण तो पुढे लागणार आहे. भाऊजी घरात फूटपट्टी ठेवत नाहीत. जे काही मोजायचं ते फोननं. खिडकीचा पडदा नऊ फोन, चटई पंधरा फोन. अमरावतीत माझ्या ओळखीचा एक चांगला सुतार आहे, म्हणून त्यांनी मला देव्हारा करून घ्यायला सांगितला. "पाच फोन उंच, साडेतीन फोन रुंद. भिंतीतल्या कोनाड्यात बसला पायजे." मी सुताराच्या दुकानात गेलो आणि मोठ्या ऐटीत माझा फोन काढून पाच वेळा उभा, साडेतीन वेळा आडवा ठेवून दाखवला. कोणाच्या फोननं मोजायचं, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. शाळेत पोरांना वीस वर्षं नकाशाचं प्रमाण शिकवलेला माणूस मी. तो देव्हारा टेम्पोतून अकोल्याला उतरवला तेव्हा कोनाडा त्याच्यापुढे उंदराच्या बिळासारखा दिसायला लागला. तो देवघराच्या चिंचोळ्या दारातूनही आत गेला नाही. शेवटी बाहेरच्या खोलीत, भाऊजींच्या टेबलासमोर, पक्षकार बसतात तिथे त्याची स्थापना झाली. भाऊजी मला काही बोलले नाहीत. आल्यागेल्याला मात्र सांगतात, "पह्यले पक्षकार फक्त माह्यासमोर खोटे बोलत. आता देवासमोर बसून बोलतात. साडभाऊची किरपा."

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी भाऊजींच्या फोनवर एक सूचना आली. हा फोन आता फार जुना झाला, काही आठवड्यांनी यावर व्हिडिओ कॉल लागणार नाही, असा तिचा मतलब होता. भाऊजींनी ती चष्मा लावून दोनदा वाचली. "नोटीस रीतसर बजावली नाही," ते म्हणाले, "माही सही कोणी घेतली?" आणि सूचना पुसून टाकली. पण सूचना पुसून फोन तरुण होत नाही. दर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मनूचा चेहरा मधूनच गोठायला लागला, मग नुसता आवाज यायला लागला.

मनूनं मला फोन केला. "काका, मी बाबांसाठी नवा फोन मागवला आहे, तुमच्या पत्त्यावर. मोठा आहे. तुम्ही मोठ्या फोनमधले जाणकार. त्यांना एवढं पटवून द्या. नाही तर मला रविवारी आईबाबा दिसणारच नाहीत." 'जाणकार' हा शब्द माझ्या बाबतीत याआधी कोणी वापरला नव्हता. पार्सल हाती आलं आणि मी त्याच शनिवारी अकोल्याची गाडी पकडली.

भाऊजी खुर्चीत बसले, मी उभा राहिलो, आणि बाजू मांडली. अक्षर मोठं, चित्र स्वच्छ, वजन म्हणाल तर काहीच नाही. "सवयीचा प्रश्न आहे," मी म्हणालो, "आता मी पाहा, एका हातानं सहज," आणि एका हातानं सहज दाखवताना तो नवाकोरा फोन निसटून माझ्याच पायाच्या अंगठ्यावर पडला. मी एका पायावर उभा राहिलो.

"साक्षीदार फितूर झाला," भाऊजी म्हणाले.

ताई, म्हणजे माझी मेव्हणी, स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं पाहत होती. ती हात पुसत पुढे आली, फोन उचलला आणि पदरानं पुसून टेबलावर ठेवला. "पोरीनं पाठवला हाय. ते तुमाले दिसन का नाही, येवढाच सवाल हाय. बाकी कायची वकिली करून राहिले तुमी?"

भाऊजींनी एका रविवारापुरती तात्पुरती मंजुरी दिली.

आधीचे रविवार मी पाहिलेले होते. मुठीतला फोन हातभर लांब धरायचा, त्यात मनूचं तोंड चिंचोक्याएवढं. बरी आहेस काय? मजेत, बाबा. जेवलीस? हो. बरं, ठेवतो. चार मिनिटांच्या आत खटला निकाली. भाऊजी फोन बंडीत ठेवत आणि दिवसभर खुशीत असत. "पोरगी मजेत हाय," असं दिवसातून पाच-सहा वेळा, न विचारता, सांगत.

त्या रविवारी दुपारी आम्ही नवा फोन देव्हाऱ्याच्या खांबाला टेकवून उभा केला. मनू आली. इतकी अचानक आणि इतकी मोठी आली की भाऊजींनी खुर्ची मागे सरकवली, जणू कोणी खोलीत येतंय आणि त्याला वाट द्यायची आहे. मी फुशारलो होतो. "पाहा भाऊजी, एकेक केस दिसतो," वगैरे माझं चालूच होतं. भाऊजींनी चष्मा पुसला, लावला, आणि पुढे वाकून पाहायला लागले. साक्षीदाराकडे पाहतात तसं.

"मने, बोटाले काय झालं?"

"काही नाही बाबा. भाजी चिरताना लागलं."

"अन् डोळ्याखाली?"

"इथला लाईटच तसा आहे."

"मांगची भिंत दुसरी हाय. खोली बदलली तू?"

तीस वर्षं लोकांचं खोटं पकडणाऱ्या माणसाची मनू मुलगी आहे, त्यामुळे पुढे तिनं प्रयत्न सोडला. खोलीतली सोबतीण सोडून गेली होती, म्हणून ती तीन महिन्यांपूर्वीच लहान खोलीत आली होती. पहाटे एका बेकरीत पाव भरायचं काम करते, मग वर्गाला जाते. बोट तिथल्या भट्टीच्या पत्र्याला लागून भाजलं होतं. भाऊजी रागावतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त खोलीत ऊब देणारी शेगडी आहे काय, हे तीन वेळा विचारलं. कॉल चाळीस मिनिटं चालला. ताईनं दोनदा आत जाऊन तोंड धुतलं. मी बराच वेळ छत पाहिलं. छताला एक पाल होती, तीही मला अगदी स्पष्ट दिसत होती, चाळशीशिवाय.

त्या दिवशी "पोरगी मजेत हाय" असं कोणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी परतीची गाडी होती. भाऊजी म्हणाले, स्टेशनावर सोडतो, आणि वाटेत शिंप्याच्या दुकानाशी गाडी थांबवली. आत गेले, बंडीतून जुना फोन काढला, कोटाच्या खिशात टाकला, आणि नवा फोन शिंप्यासमोर ठेवला. "याचं माप घ्या. दोन बंड्या." मला आनंद व्हायला हवा होता. मी खटला जिंकलो होतो. शिंप्यानं टेप लावला, फोन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, येवढा खिसा लावला तं बंडी कुठी राहीन?"

दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती, ती हसली. मीही हसलो. भाऊजी हसले नाहीत. ते टेपाखालच्या त्या काळ्या काचेकडे पाहत होते, आणि मग माझ्याकडे न पाहता, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "काहून आणला हा फोन, साडभाऊ? लहान्यात पोरगी सुखी होती."