तिसरा पुकारा

परवा एका कागदासाठी कोर्टात जावं लागलं. आमचं जुनं कोर्ट पाडून तिथे आता काचेची इमारत उभी केली आहे. प्रत्येक दालनाबाहेर एक काळी पाटी आणि तिच्यावर लाल आकडे. आपला आकडा लागला की टिंग वाजतं आणि माणूस आत जातो. नाही गेला तर पुढचा आकडा. तासभर ते टिंग टिंग ऐकून माझं डोकं इतकं फिरलं की शेजारच्या बाईंना मी उगाचच म्हणाले, "माणसाला नावाने हाक मारायला काय धाड भरलीय यांना?" बाई माझ्याकडे बघून जरा पलीकडे सरकल्या.

माझ्या वडिलांनी जन्मभर तेच काम केलं. फौजदारी कोर्टात ते शिपाई होते आणि पुकारा त्यांच्याकडे होता. आत खटला निघाला की बाबा दाराबाहेर यायचे, कठड्याला हात टेकायचे आणि आरोपीचं नाव पुकारायचे. तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस आला नाही तर आत 'गैरहजर' असं लिहिलं जाई. मग वॉरंट, पोलिस, आणि मिळालेला जामीन गेलाच म्हणून समजा.

दिसायला बाबा अगदी किरकोळ. सरकारी कोटात दोन बाबा मावले असते. पण आवाज असा की वकील मंडळी त्यांना भोंगा म्हणत. घरी मात्र इतकं हळू बोलत की आई म्हणायची, "आवाज कोर्टातच ठेवून आलात वाटतं."

मी तेव्हा कोर्टाच्या खालच्या व्हरांड्यात टाइपरायटर मांडून बसायचे. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून द्यायचे. तिथून बाबा दिसत नसत, पण त्यांचं सगळं ऐकू येई. पहिला पुकारा साधा, बातमी दिल्यासारखा. दुसऱ्याला जरा धार. तिसऱ्याची गोष्टच वेगळी. तिसऱ्याला बाबा नाव धरायचे आणि सोडायचेच नाहीत. मग आरोपीच्या वडिलांचं नाव, तेही ऐसपैस. मग दम घ्यायला थांबायचे, दम अजिबात संपलेला नसताना. आणि मग आडनाव. तेवढ्यात खाली आवारात एकच पळापळ. कुणाचा झाडाखाली डोळा लागलेला, कुणी बाई पोराला नळावर पाणी पाजायला घेऊन गेलेली, कुणी म्हातारा चुकून भलत्याच कोर्टाच्या बाकावर जाऊन बसलेला. "माझंच नाव, माझंच नाव" करत सगळे जिन्याकडे धावायचे. बाबा डोळ्याच्या कोपऱ्यातून जिन्यावर लक्ष ठेवून असत. माणूस वरच्या पायरीला पोचला की आडनाव संपवत, आणि आत जाऊन मख्ख चेहऱ्याने सांगत, "हजर आहे, साहेब."

जुन्या न्यायाधीशांना हे सगळं ठाऊक होतं. तिसरा पुकारा सुरू झाला की ते चष्मा काढून पुसायला घेत. बाबांच्या तोंडून आडनाव येईपर्यंत त्यांचा चष्मा काही स्वच्छ होत नसे. तसे दिवस होते ते. वाईट माणसं तेव्हाही होती, कायदाही हाच होता, पण त्या जिन्यावर धावणाऱ्याला थोडी सवड मिळायची.

आता काकाबद्दल सांगते. बाबांचा धाकटा भाऊ, आमच्याच घरी राहायचा. काका दुष्ट नव्हता, पण स्क्रू दिसला की त्याला राहवत नसे. खिशात कायम एक छोटा पाना. लोकांच्या सायकलच्या घंट्या, नळाच्या तोट्या, एकदा तर बँकेच्या दाराची मूठ. विकायचा फारसा नाही, आमच्या माळ्यावर नेऊन साठवायचा. एक दिवस एका दवाखान्यात खुर्चीवर चढून त्याने भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. पेशंट बघत बसलेले. "दुरुस्तीला नेतोय," असं त्याने सांगितलं, आणि एका आजोबांनी खुर्ची धरली. पुढे खोकला झाला तेव्हा हा शहाणा त्याच दवाखान्यात औषध आणायला गेला आणि सापडला.

जामिनावर सुटला तेव्हा बाबांनी एका घड्याळजीच्या हातापाया पडून त्याला दुकानात लावून दिलं. आणि काय सांगू, काका तिथे रमला! दिवसभर डोळ्याला भिंग लावून स्क्रूच स्क्रू, आणि तेही उघडपणे. संध्याकाळी घरी येऊन आईला सांगायचा, "वहिनी, आज एक बायकी घड्याळ उघडलं. आतून काय नाजूक असतं गं!" माळ्यावर नवीन काही येईनासं झालं. घड्याळजीने एवढंच बजावलं होतं, "तुरुंगात गेलेला माणूस मी गिऱ्हाइकांसमोर बसवू शकत नाही. जामिनावर आहे तोवर ठीक आहे."

पण काका कुठेही वेळेवर पोचायचा नाही. एका तारखेला झोपून राहिला, दुसऱ्या तारखेला कोर्ट उठल्यावर आला; दोन्ही वेळा कसंबसं दंडावर भागलं. त्या सुमारास नवे न्यायाधीश आले होते, तरुण आणि कडक. ते म्हणाले, "पुढच्या वेळी पुकाऱ्याला हजर नसलात तर जामीन रद्द." सरकारी वकिलाला चेव आला. "साहेब, घड्याळ चोरूनसुद्धा यांना वेळ कळत नाही." सगळं कोर्ट हसलं. बाबा दाराशी खाली मान घालून उभे होते.

त्या तारखेला सकाळी बाबा बुटाचे बंद बांधत काकाला म्हणाले, "आज वर येऊन बाकावर बस. पहिल्या पुकाऱ्याला उभा राहा."

"हो रे दादा."

"हो रे नको. पहिल्याला. ऐकतोयस ना?"

"पुकारणारा तू, मग मला कसली भीती?" काका हसला. बाबा हसले नाहीत.

काका चक्क वेळेवर आला. पण वर न जाता माझ्याकडे आला आणि मला ओढून कँटीनमध्ये घेऊन गेला. म्हणाला, खटला कुठला इतक्यात निघतोय. चहा समोर आला, वाफाळता, आणि वरून बाबांचा आवाज आला. काकाचं नाव, साधं, बातमी दिल्यासारखं.

"काका, ऊठ."

"अगं, चहा गरम आहे." तो बशीत ओतून फुंकर मारायला लागला.

दुसरा पुकारा आला. धारदार. मी त्याची बाही ओढली. "काका, ऊठ म्हणते ना!"

"अगं वेडे, बाप आहे तुझा तो वर. भलत्यासलत्यांसाठी कोसभर लांबवतो, माझ्यासाठी तर काय गाणंच म्हणेल. तिसरा सुरू झाला की उठतो."

आणि तिसरा आला. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, एका दमात. लांबवणं तर सोडाच, पहिल्यापेक्षाही तोकडा. दार लोटल्यासारखा संपला. कँटीनवाल्याने हातातली किटली खाली ठेवून वर बघितलं. त्या आवारातल्या कुणीच असा पुकारा कधी ऐकला नव्हता. काकाच्या हातात बशी तशीच राहिली. मग तो पळाला, आणि मी त्याच्या मागे.

आम्ही दाराशी पोचलो तेव्हा न्यायाधीश लिहीत होते. "आलो, साहेब, आलो," काका धापा टाकत म्हणाला. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पुकारा झाला." बाबा दाराला लागून उभे होते. काकाने त्यांच्याकडे बघितलं. बाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. पोलिसाने काकाचा दंड धरला.

घरी आईने आकाशपाताळ एक केलं. "परक्यांसाठी छाती फुटेस्तोवर ओरडता, आणि सख्ख्या भावासाठी तुमचा घसा बसला?"

बाबांनी कोट खुंटीला अडकवला. मग त्यांच्या त्या घरच्या आवाजात म्हणाले, "सगळं कोर्ट कान लावून बसलं होतं. भाऊ म्हणून लांबवला असता, तर साहेबांनी उद्यापासून सगळ्यांचाच बंद केला असता. मग त्या जिन्यावरच्यांनी काय करायचं?"

मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर आजही पुरतं पटत नाही. महिनाभर मी बाबांशी बोलले नाही. डबा त्यांच्या पुढ्यात आदळायचे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कुठल्याशा कोंबडीचोरासाठी इतका लांब पुकारा दिला की त्यांना खोकल्याची उबळ आली. तो ऐकून मी रागाने टाइपरायटरमधला कागद फाडला.

काकाचा खटला रखडला. कधी साक्षीदार नाही, कधी वकील नाही, एकदा तर पुराव्याचं घड्याळच कुणाला सापडेना. अखेर निकाल लागला तेव्हा शिक्षा झाली तीन महिन्यांची, आणि आत आठ महिने काढून झाले होते. उरलेले पाच कुणाकडे मागायचे हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. घड्याळजीच्या दुकानात तोवर दुसरा माणूस बसला होता.

बाबा काकाला आणायला तुरुंगाच्या फाटकाशी गेले. दोघं चालत घरी आले. वाटेत काय बोलले ते देव जाणे, पण घरात त्या दिवसाचा विषय दोघांनी पुन्हा कधी काढला नाही. काकाने घरीच लोकांची घड्याळं दुरुस्त करायला घेतली. आणि एक झालं. काका आयुष्यात पुन्हा कधी उशिरा आला नाही. कुठेही जायचं असलं की तासभर आधी जाऊन बाहेर बसायचा. माझ्या लेकीच्या शाळेच्या पहिल्या दिवशी शाळेचा शिपाई कुलूप उघडायला आला, तर काका पायरीवर. आम्ही त्याला चिडवायचो, तोही हसायचा. पण मला ते हसू आवडायचं नाही.

बाबा निवृत्त झाले, म्हातारे झाले, आणि शेवटी घशाच्याच आजाराने अंथरुणाला खिळले. दवाखान्यात भेटायची वेळ दुपारी चारची. काका तीनपासून वॉर्डच्या दाराबाहेर बसलेला असायचा. तिथल्या भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. काकाने रीतसर मेट्रनची परवानगी काढून ते दुरुस्त करून पुन्हा लावलं.

शेवटच्या दोन दिवसांत बाबांना शुद्ध राहिली नाही. त्या दुपारी मी आणि काका त्यांच्या कॉटपाशी होतो. काकाने त्यांचा हात हातात घेतला होता. अचानक बाबांनी दुसऱ्या हाताने कॉटचा लोखंडी दांडा धरला, कठडा धरावा तसा, आणि काकाचं नाव घेतलं. आवाज असा उरलाच नव्हता, नुसती घरघर. पण ते नाव त्यांनी धरलं आणि सोडेनात. मग वडिलांचं नाव, तेही लांब. मग ते थांबले.

मला राहवेना. "काका, अरे ओ दे ना त्यांना! हा काय इथेच आहे म्हणून सांग."

काकाने मान हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण नजर बाबांच्या ओठांवर.

"थांब जरा," तो म्हणाला. "पुरा होऊ दे. माझा आहे तो. तिसरा."

बाबांनी दम घेतला. आडनाव आलं, सावकाश, एकेक अक्षर. ते संपल्यावर काका स्टुलावरून उठला, शर्ट नीट केला, आणि दोन्ही हात जोडून सरळ उभा राहिला.

"हजर आहे, दादा."