ओव्हनातलं म्हातारपण

पेपर मिलच्या लॅबमध्ये काम केलं की किस्से आपोआप साठत जातात. आमची लॅब कागलच्या एमआयडीसीत. काम एकच, कागदाला झटपट म्हातारं करणं. नमुना ओव्हनात ठेवायचा. उष्णतेनं सेल्युलोजच्या साखळ्या तुटतात, कागद पिवळा पडतो, मग दुमडून बघायचं कधी मोडतो ते. थोडक्यात, नातवंडांची रड आजच ऐकून घ्यायची.

लॅबचे प्रमुख माने सर. हातात येईल त्या कागदाचा कोपरा दुमडायची त्यांना खोड. अकाउंट्समधल्या देसाईंनी मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर सर कोपरा मोडून म्हणाले, "लग्न टिकंल. पत्रिकेचं काय खरं न्हाय." धाकटीच्या वेळी देसाईंनी पत्रिका लांबूनच दाखवली.

एकदा शाहूपुरीतून एक पाहुणे कोरी करकरीत वंशावळ घेऊन आले. "सायेब, तेवढी पणजोबांच्या काळातली करून द्या की."

सर म्हणाले, "कागद म्हातारा करतो. पण हे बॉलपेननं लिवलंय. पणजोबांनी त्यो कुठनं आणलता?"

पाहुणे चहा न घेताच गेले.

पॅकिंगमधल्या नामदेवनं तर ओव्हनात जेवणाचा डबा ठेवला. वाफेनं अख्खी टेस्ट वाया. सर भडकले, तर हा म्हणतो, "माझी भाकरी बी म्हातारी झालीया सर, दात लागंना."

मग आला मालकांचा लाडका कागद, स्वस्तातला. शंभर वर्षं टिकतो, असं मालक गावभर सांगत होते. सरांची रिटायरमेंट तोंडावर, मुलीचं शिक्षण चालू, मुदतवाढ हवीच होती.

मालक म्हणाले, "पास लिवा, मुदतवाढ घ्या."

सरांनी फेल लिहिलं. "ओव्हनात काय कळतंय?" म्हणत मालकांनी कागद बाजारात आणला आणि सरांना थेट निरोप समारंभ दिला. मला मालकांचा भयंकर राग आला होता.

मानपत्रही मालकांनी त्याच कागदावर छापून घेतलं, गणपतीच्या आधीच. सांभाळायला दिलं आमच्या वंदनाताईंकडे. ताई सरांच्या हाताखाली तयार झालेल्या.

दिवाळीनंतर समारंभ झाला, त्यात मालक भलतेच खूश होते. "बघा, रंग कसा शाही आलाय!" वाचन झालं, टाळ्या झाल्या. सरांना द्यायला म्हणून त्यांनी मानपत्राची गुंडाळी केली. कर्रकन आवाज झाला आणि तुकडे सरांच्या शालीवर पडले.

सरांनी एक तुकडा उचलला आणि सवयीनं कोपरा दुमडला.

मालक ओरडले, "वंदनाताई, कुठं ठिवलतं हे?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "सांभाळून ठिवा म्हणला न्हवं? आमी नमुने ठिवतो, तितंच ठिवलतं की."