मिशीनं ओढलेली रेघ

"हा बाटल्या धुतो," सर पाहुण्यांना म्हणाले.

माझ्या हातात बाटली नव्हती. क्रिस्टलचा ट्रे होता. त्यातले प्रथिनाचे चोवीस थेंब मी लावले होते. पाहुण्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. सर माझ्याहून दहा वर्षांनी लहान. अरे-तुरे करायचे.

कोल्हापुरातली प्रयोगशाळा, महामारीनंतरचे दिवस. विषाणूकडं एक कात्री असते, प्रोटीएज. तिनं त्याची प्रथिनं कापल्याशिवाय तो वाढत नाही. त्या कात्रीच्या फटीत घट्ट अडकेल असं औषध घडवायचं होतं. फट नेमकी कशी, हे क्ष-किरणांनी कळतं. पण त्याला त्या कात्रीचा धड क्रिस्टल लागतो. दोन वर्षं माझ्या थेंबांत यायच्या त्या नुसत्या सुया. ठिसूळ.

मग आजऱ्याची ती आली. संशोधक विद्यार्थिनी. आई काजूच्या कारखान्यात काजू सोलणारी. मी सुया बेसिनमध्ये ओतायला निघालो, तर म्हणाली, "काका, टाकू नकासा. ह्यातनंच हुईल की."

तिनं डबीतून घरच्या मांजराची गळलेली मिशी काढली.

"आता काय उंदीर धरतीस?" मी म्हणालो.

ती हसली. माझ्या सुया चुरून त्यात मिशीचं टोक बुडवलं आणि नव्या थेंबातून, बी पेरावं तशी, रेघ ओढली.

आठव्या दिवशी त्या रेघेवर क्रिस्टल उभे होते. स्वच्छ, साखरेच्या कणांसारखे. मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढलाच नाही. वर बघितलं असतं तर तिचा आनंद दिसला असता. मी जळत होतो. सरांवर इतका कधी जळलो नाही. सर वरच जन्मले होते. ही माझ्यातलीच, आणि माझ्या पुढं गेली.

त्या संध्याकाळी मी ट्रेवरची तिच्या नावाची पट्टी सोलली. माझी चिकटवली.

पेपर लिहिताना सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "क्रिस्टल कुणी वाढवले?"

"मी," मी म्हणालो.

"मग प्रश्नच मिटला. बाटल्या धुणाऱ्याचं नाव पेपरवर घालत नाहीत."

तिचं नाव गेलं. माझंही. राहिले सर आणि त्यांचा भाचा.

तिनं विचारलं, "काका, मांजर तरी माझं हुतं की न्हाई?"

मी टेबल पुसत राहिलो. महिन्याभरात तिनं काम सोडलं. आता आजऱ्यात अकरावीला शिकवते.

मी निवृत्त झालो. परवा सरांचा फोन. "अरे, शनिवारी माझा सत्कार आहे. त्या क्रिस्टलबद्दल दोन शब्द बोल. तू साक्षीदार आहेस."

"तुमच्या कौतुकाला येणार न्हाई," मी म्हणालो. "खरं सांगायला येतो."

"भान ठेवून बोल."

"आत्ताच आलंय."

फोन मी ठेवला. त्यांच्या आधी. पहिल्यांदाच.

सोललेली पट्टी माझ्या डायरीत आहे. तिचं नाव, थेंबाचा नंबर, तारीख. काल ती घेऊन आजऱ्याला गेलो. तिनं दारातच ऐकून घेतलं. आत या म्हणाली नाही.

"माफी मागू नकासा," ती म्हणाली. "तितं सांगा. समद्यांसमोर."

सांगणार. आधी माझी चोरी. मग त्यांची.